कुरव ओळखायचा कसा? डोकं राहू द्या, आधी पंख बघा

किनाऱ्यावर कुरवांचा (म्हणजे गल पक्ष्यांचा) थवा दिसला की बहुतेक जण आधी डोक्याचा रंग बघतात आणि तिथेच फसतात, कारण काळ्या डोक्याचा कुरव काय आणि तपकिरी डोक्याचा काय, थंडीत दोघांचं डोकं पांढरंच होतं, डोळ्यामागे एक काळपट ठिपका तेवढा उरतो. त्यात विणीच्या काळात काळ्या डोक्यावाल्याचं डोकंही खरंतर गडद चॉकलेटीच असतं!

तर आधी तो कुरवच आहे ना बघा. त्याच्यासारखाच दिसणारा सुरय (टर्न) अंगाने सडपातळ, चोच अणकुचीदार, बऱ्याच जातींची शेपटी दुभंगलेली. कुरवाची चोच जाडसर, टोकाला किंचित वाकलेली.

मग वय ठरवा, ही पायरी प्लीज गाळू नका. छोट्या जातींना पूर्ण वाढलेल्या पक्ष्याची पिसं यायला साधारण 2 वर्षं लागतात, हेरिंग गलसारख्या मोठ्यांना 4, आणि तोवर दर मोल्टनंतर (जुनी पिसं गळून नवी आली की) पक्षी वेगळाच दिसतो. पंखांवर तपकिरी डाग आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असेल तर तो तरुण पक्षी समजा.

आता पंख, खरी ओळख इथे आहे. पक्षी उडेपर्यंत थांबा आणि कॅमेऱ्याच्या बर्स्ट मोडवर (एकापाठोपाठ एक) भरपूर फोटो काढा. पंखाच्या बाहेरच्या भागात पुढच्या कडेने लांब पांढरी पाचर आणि काळा रंग फक्त मागच्या कडेला, असं असेल तर काळ्या डोक्याचा. टोकाला मोठा काळा पट्टा आणि त्यात पांढरे ठिपके (बर्डर लोक त्यांना मिरर म्हणतात) असतील तर तपकिरी डोक्याचा. तरुण पक्ष्यात मात्र हे ठिपके नसतात, म्हणून तर वय आधी. बसलेला असेल तर डोळा बघा, पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्यावाल्याची बुबुळं फिकट, जवळजवळ पांढरी असतात, दुसऱ्याची गडद.

मोठ्या कुरवांमध्ये पाय बघायचे. पूर्ण वाढलेल्या हेरिंग गलचे गुलाबी, लेसर ब्लॅक-बॅक्डचे पिवळे, पण तरुणपणी दोघांचेही गुलाबीसरच असतात. पाठीचा करडा रंग उन्हात फार फसवतो, तो शेजारी उभ्या असलेल्या कुरवाशी ताडून बघा.

एकाच खुणेवर नाव ठोकू नका, निदान दोन जुळल्या पाहिजेत, नाहीतर नोंदीत नुसतं 'कुरव' लिहा आणि फोटो जपून ठेवा.