व्होल्टेजची वेगवान उडी हवी? ९० अंशावर तपासा

कुडाळ एमआयडीसीत लागलो तेव्हा पहिलंच काम मिळालं, पंप-कंट्रोलरला व्होल्टेज डिप, म्हणजे क्षणभर कमी व्होल्टेज, देऊन बघायचं. पावसात माडाची झापं तारांना घासली की आमच्याकडे दिवे मिचकावतात, त्यामुळे डिप म्हणजे काय हे शिकायची गरज नव्हती. तो देणारं यंत्र शोधणं मात्र अंगाशी आलं.

मोटर लावलेल्या डिमरस्टॅटच्या (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) नादी लागू नका, तो सेकंदांच्या हिशेबात फिरतो. डिपच्या चाचणीचं मानक आहे आयईसी ६१०००-४-११. त्याला १०० ओहमच्या लोडवर १ ते ५ मायक्रोसेकंदांत उडी लागते.

मी भाड्याने एसी सोर्स, म्हणजे हवं ते एसी व्होल्टेज देणारं यंत्र, आणला. माहितीपत्रकात ‘फास्ट रॅम्प’ लिहिलेलं. २३० वरून १६१ व्होल्ट, २५ सायकल. स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) लहर इतकी सुबक उतरली की फोटो काढून साहेबांना पाठवला. पण डिप लहरीच्या शून्य अंशावर सुरू होत होता! तिथे व्होल्टेजच शून्य, मग उडी मारणार कुठून? यंत्र कितीही मंद असलं तरी तिथे ते उघडं पडत नाही. आमचे इलेक्ट्रिशियन काका हसले, “शून्यार काय दिसतला रे? शिखरार घाल.” शिखरावर, म्हणजे ९० अंशावर घातला, तर उडीच्या जागी २०० मायक्रोसेकंदांची घसरगुंडी.

हिशेब करून बघा. २३० व्होल्टचं शिखर ३२५. तिथून ५ मायक्रोसेकंदांत शून्यावर यायचं तर मायक्रोसेकंदाला ६५ व्होल्टचा स्ल्यू रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग) हवा. नुसत्या ५० हर्ट्झच्या लहरीला जेमतेम ०.१ पुरतो. माहितीपत्रकातला रॅम्प बहुतेकदा आरएमएस सेटिंग (२३०, १६१ असा लहरीचा परिणामी आकडा) बदलण्याचा वेग असतो. विक्रेत्याकडे ९० अंशावरचा, १०० ओहम लोडचा स्कोपचा फोटो मागा. टाळाटाळ केली की उठा.

शेवटी मी दोन डिमरस्टॅट घेतले, वेगवेगळ्या व्होल्टेजवर लावून ठेवले आणि एकावरून दुसऱ्यावर उडी मारायला मध्ये आयजीबीटीचे (झटक्यात चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) स्विच घातले. साधा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) चालत नाही, त्यातला थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच करंट शून्यावर आल्याशिवाय बंदच होत नाही. दोन्ही स्विच एकदम चालू झाले की शॉर्ट. माझे पाच फ्यूज गेले. घाबरू नका, फ्यूज त्यासाठीच असतात. पण स्कोपचं अर्थिंग तोडून मेन्सला प्रोब लावायचा जुगाड कुणी शिकवला, तर त्या गुरूला लांबूनच नमस्कार करा. अर्थिंग न तोडता मेन्स मोजणारा डिफरन्शियल प्रोब घ्या, उसना का होईना.

इनरशसाठी, म्हणजे व्होल्टेज परतताना उपकरण ओढतं त्या करंटच्या झटक्यासाठी, २३० व्होल्टला ५०० अँपिअरपर्यंतची ताकद आयईसीचं ते मानक मागतं, ती माझ्या जुळणीत नाही. म्हणून अंतिम चाचणीला कंट्रोलर मांडीवर घेऊन तुतारी एक्सप्रेसने मुंबईच्या लॅबमध्ये जातो. तिथेही आधी ९० अंशाचाच फोटो मागतो.