नसांसाठी काय खायचं, आणि कुठली गोळी उगाच खायची नाही

पायाला मुंग्या येतात, तळपाय जळजळतात, की माणूस थेट मेडिकलमध्ये जाऊन "नसांची गोळी द्या" म्हणतो. जरा थांबा.

१. आधी रक्त तपासा. व्हिटॅमिन बी १२ आणि शुगर, दोन्ही. गोळ्या चालू झाल्या की बी १२ चा आकडा वर जातो आणि मग मुळात कमी होतं की नाही ते कळतच नाही. शुगर यासाठी की नसा खराब व्हायचं सगळ्यात कॉमन कारण डायबिटीस आहे, आणि शुगर वर्षानुवर्षं वाढलेली असेल तर नुसत्या व्हिटॅमिनने काही होत नाही.

२. बी १२ कडे नीट बघा. नसेवर वायरच्या प्लास्टिकसारखं एक वेष्टण असतं, मायलिन म्हणतात त्याला, ते टिकवायला बी १२ लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही, पण ते मिळतं फक्त मांस, मासे, अंडी, दूध यातूनच. कपभर दुधात साधारण १.२ आणि एका अंड्यात ०.५ च्या आसपास, करा हिशोब. दूधही बंद केलं असेल तर गोळी किंवा वरून बी १२ घातलेले पदार्थ घ्यावेच लागतात, स्पिरुलिनावर विसंबू नका, त्यातलं बहुतेक बी १२ शरीराला वापरताच येत नाही. गंमत म्हणजे लिव्हरमध्ये याचा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे आज खाणं बदललं तरी त्रास खूप उशिरा दिसतो आणि तोवर आपण काय बदललं होतं तेच विसरून गेलेलो असतो.

रिपोर्टमध्ये २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर बहुधा कमतरताच. २०० ते ३०० मध्ये अडकलात तर डॉक्टरांना मिथाइलमॅलोनिक ॲसिडच्या टेस्टबद्दल विचारा, बी १२ खरंच कमी पडतंय का ते त्यातून कळतं. आणि तोवर नुसतं फॉलिक ॲसिड घेत बसू नका, त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, सगळं छान वाटतं, आतून नसा मात्र झिजतच राहतात.

३. चालू औषधं आठवा. मेटफॉर्मिन (डायबिटीसची गोळी) किंवा ॲसिडिटीची रोजची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर खाल्लेलं बी १२ अंगी लागायला अडचण येते, वय झाल्यावर तसंही ते कमीच शोषलं जातं. म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका हं, फक्त बी १२ अधूनमधून तपासत राहा.

४. बी १ साठी अख्खी धान्यं आणि डाळी. पॉलिश करून पांढरं केलेलं धान्यच खात राहिलं की बी १ जातं, नसा बिघडवणारा बेरीबेरी हा रोग त्यातूनच यायचा. रोज भरपूर दारू पिणाऱ्यांना हा धोका जास्त, वर दारू स्वतःही नसा बिघडवते.

५. आता पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. बी ६ जास्त झालं तर त्यानेच मुंग्या येतात, म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली तेच! अमेरिकेत दिवसाला १०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात, युरोपात २०२३ मध्ये ती १२ वर आणली. पाकिटावर पायरिडॉक्सिन लिहिलेलं असेल तर ते बी ६च. मल्टीव्हिटॅमिन, "नर्व्ह" गोळी, एनर्जी ड्रिंक, सगळ्यातलं धरून बेरीज करा, बेरीज न करणारेच फसतात. झिंकचंही तसंच, महिनोन्महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यानेही नसा बिघडतात.

बी १२ सुरू केल्यावर लगेच फरक नाही पडला म्हणून सोडू नका, नसा भरून यायला महिने लागतात, फार उशीर झाला असेल तर थोडा बधिरपणा कायमचाही राहतो. चालताना तोल जात असेल किंवा एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला तर हे सगळं वाचत न बसता लगेच हॉस्पिटल गाठा.