अमेरिकेचे कॉलेज बास्केटबॉल नागपुरातून कसे पाहावे आणि कॅसिनोचा भाव कसा वाचावा

अमेरिकेतील कॉलेज संघांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा दरवर्षी मार्चच्या मध्यावर सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. नागपुरातील शिवाजीनगर किंवा धंतोलीच्या कोर्टवर खेळून मोठे झालेले आमच्यासारखे बरेच जण ती रात्र रात्र जागून पाहतात. पूर्वी अशा सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी कोर्टवर चर्चा व्हायची ती झोन डिफेन्स, म्हणजे जागा वाटून घेऊन केलेला बचाव, कसा फोडला याची. आता सरावाला येणारी मुले पहिल्यांदा विचारतात, “काका, स्प्रेड किती होता?” स्प्रेड म्हणजे सट्ट्यासाठी कॅसिनोने धरलेला दोन संघांतील गुणांचा फरक. हा प्रश्न त्यांच्या तोंडी कोठून आला हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगतो. कॅसिनोने काढलेला भाव प्रत्येक रसिकाला वाचता आला पाहिजे. त्यावर पैसे लावण्याच्या भानगडीत मात्र कोणीही पडू नये, आणि ज्याच्या पायात खेळाडूचे बूट आहेत त्याने तर मुळीच पडू नये.

पाहण्याची तयारी आधी करावी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे जातात, त्यामुळे न्यूयॉर्क आणि नागपूर यांच्या वेळेत साडेनऊ तासांचा फरक उरतो. पहिल्या फेरीचे सामने तिकडे गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ-दहाला, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालतात. नोकरी करणाऱ्याने रात्रीचे पहिले दोन सामने पाहून झोपावे आणि पहाटे उठून शेवटचे पाहावेत; सगळेच पाहण्याचा हट्ट धरला तर तिसऱ्या दिवशी काहीच लक्षात राहत नाही. अंतिम सामना तिकडच्या सोमवारी रात्री, म्हणजे आपल्या मंगळवारी सकाळी सव्वासहा-साडेसहाला असतो. ही वेळ आपल्या फार सोयीची आहे, कारण सामना संपेपर्यंत तर्री पोह्यांच्या गाड्या लागलेल्या असतात.

नियमांतील फरकही समजून घ्यावा. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत दहा मिनिटांचे चार भाग आणि 24 सेकंदांचे घड्याळ असते. तिकडे पुरुषांचा सामना वीस मिनिटांच्या दोन भागांत होतो आणि बास्केटचा प्रयत्न करण्यासाठी संघाला 30 सेकंद मिळतात. महिलांच्या सामन्यात दहा मिनिटांचे चार भाग असतात. त्या सहा जादा सेकंदांमुळे प्रशिक्षकाने आखलेली चाल पूर्ण उलगडताना दिसते, आणि म्हणूनच शिकणाऱ्या मुलासाठी व्यावसायिक लीगपेक्षा कॉलेजचा सामना अधिक उपयोगाचा आहे असे माझे ठाम मत आहे.

स्पर्धा 1939 साली सुरू झाली. 1985 साली तिच्यात 64 संघ झाले आणि 2011 साली ही संख्या 68 वर गेली (जादा चार संघ आधीच्या प्राथमिक सामन्यांतच गळतात आणि मुख्य तक्त्यात 64 उरतात). चार विभागांत प्रत्येकी 1 ते 16 अशी मानांकने असतात आणि एक सामना हरला की संघ घरी जातो. तक्ता, म्हणजे प्रत्येक सामना कोण जिंकेल याचा आपला अंदाज, भरताना मानांकनाचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा. सोळावे मानांकन असलेल्या पुरुष संघाने पहिल्या मानांकिताला हरवण्याची घटना फक्त दोनदा घडली: 2018 साली यूएमबीसी या मेरीलँडमधील विद्यापीठाने व्हर्जिनियाला 74-54 असे, आणि 2023 साली फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला 63-58 असे हरवले. पाच विरुद्ध बारा या सामन्यांत मात्र बाराव्या मानांकनाचा संघ साधारण तीनांतून एकदा जिंकत आला आहे, त्यामुळे चारही विभागांत पाचव्या मानांकितालाच पुढे नेऊ नये. 1985 साली व्हिलानोव्हा आठव्या मानांकनावरून विजेते झाले आणि त्याखालच्या मानांकनाचा एकही संघ विजेता झालेला नाही. संपूर्ण तक्ता अचूक भरण्याची आशा कोणी बाळगू नये, कारण 63 सामन्यांच्या निकालांचे जितके संच संभवतात त्यांची संख्या एकोणीस अंकी आहे.

संघाची खरी ताकद ओळखण्यासाठी गुणफलक पुरेसा नसतो. एक संघ 85 गुण करतो आणि दुसरा 68, यावरून पहिला आक्रमणात सरस ठरत नाही. कदाचित तो केवळ घाईने खेळतो. म्हणून चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला ते मोजावे. मैदानी फेकींची संख्या घ्यावी, त्यातून आक्रमक रिबाउंड (आपल्याच संघाची हुकलेली फेक पुन्हा पकडणे) वजा करावेत, टर्नओव्हर (फेक न करताच चेंडू गमावणे) मिळवावेत आणि फ्री थ्रोंच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या) संख्येची 0.475 पट मिळवावी. समजा 60 फेकी, 10 आक्रमक रिबाउंड, 14 टर्नओव्हर आणि 20 फ्री थ्रो असतील, तर ताबा 73.5 वेळा मिळाला. त्यांत 77 गुण झाले असतील तर दर शंभर ताब्यांमागे सुमारे 105 गुण पडतात. तिकडचे आकडेतज्ज्ञ केन पोमेरॉय यांची कॉलेज संघांची प्रसिद्ध क्रमवारी याच कल्पनेवर उभी आहे. मी हे गणित नागपूरच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत शंभर पानी वहीत पेन्सिलीने करीत आलो आहे. प्रत्येक फेकीला उभी रेघ, टर्नओव्हरला फुली, आणि आक्रमक रिबाउंडला रेघेवर टिंब. दोन सामने असे लिहिले की डोळा आपोआप चेंडूवरून उठतो आणि इतर नऊ खेळाडूंकडे जातो.

आता भाव. अमेरिकेत 2018 पर्यंत सामन्यांवरील सट्टा मुख्यतः नेवाडा राज्यापुरता कायदेशीर होता, कारण 1992 च्या केंद्रीय कायद्याने इतर राज्यांना तो सुरू करण्यास बंदी घातली होती. 14 मे 2018 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, आणि आज तीसहून अधिक राज्यांत कॅसिनो आणि मोबाइल अॅप उघडपणे पैसे घेतात. सामन्यापुढे “उणे साडेसहा” असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ असा की, वरचढ संघाने सात किंवा अधिक गुणांनी जिंकले तरच त्याच्यावर पैसे लावणारा जिंकतो. हाच स्प्रेड. रसिकाने तो हवामानाच्या अंदाजासारखा वाचावा. दोन संघांत बाजाराला किती अंतर दिसते ते त्यातून कळते, आणि आपल्या वहीतील अंदाज त्याच्याशी ताडून पाहता येतो.

पण त्या आकड्याशेजारी बहुधा “उणे 110” असेही लिहिलेले असते, आणि धंद्याचे सगळे मर्म तेथे आहे. शंभर जिंकण्यासाठी एकशे दहा लावावे लागतात. दोन्ही बाजूंनी एकेकाने 110 लावले तर गल्ल्यात 220 येतात, जिंकणाऱ्याला 210 जातात आणि 10 मागे राहतात, म्हणजे सुमारे साडेचार टक्के. लावणाऱ्याला केवळ बरोबरीत राहण्यासाठी शंभरांतून बावन्नहून अधिक वेळा बरोबर ठरावे लागते. युरोपीय रूलेट या कॅसिनोतल्या जुगाराच्या चाकात 37 घरे असतात आणि आपण लावलेले घर आले तर फायदा 35 पट मिळतो. तेथे कॅसिनोचा वाटा 2.7 टक्के पडतो. म्हणजे खेळाचे ज्ञान असल्याच्या अभिमानाने स्प्रेड लावणारा माणूस त्या चाकापुढे बसलेल्या माणसापेक्षा जड भाडे भरीत असतो. तीन सामने एकत्र बांधून पार्ले लावले, म्हणजे तिन्ही निकाल जुळले तरच पैसे, तर ते आणखी वाढते: तिन्ही निकाल समसमान शक्यतेचे धरले तर रास्त परतावा आठ पट हवा, प्रत्यक्षात तो सातच्या आसपास मिळतो, आणि कॅसिनोचा वाटा तेरा टक्क्यांपर्यंत जातो. अॅपवर सर्वांत झगझगीत जाहिरात पार्ल्यांचीच का असते, हे यावरून समजावे. मुलांसमोर हे गणित कागदावर मांडून दाखवावे. उपदेशाने जे होत नाही ते या तीन ओळींनी होते, हा माझा अनुभव आहे.

मला याहून अधिक काळजी खेळाडूची वाटते. स्प्रेडमुळे एक विलक्षण मोह निर्माण होतो: सामना हरायची गरज नाही, फक्त बारा गुणांऐवजी आठांनी जिंकायचे. संघ जिंकतो, टाळ्या पडतात आणि फसवणूक दिसत नाही. यालाच पॉइंट शेव्हिंग म्हणतात. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने 1950 साली देशातील दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या, आणि 1951 साली त्याच संघातील खेळाडू या गुन्ह्यात पकडले गेले. चौकशी पसरत सात महाविद्यालयांच्या 32 खेळाडूंपर्यंत गेली. 1978-79 च्या हंगामात बोस्टन कॉलेजमध्ये तेच घडले आणि एका खेळाडूला दहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. अॅरिझोना स्टेटचे 1994 चे प्रकरण मी मुलांना मुद्दाम सांगतो, कारण त्याची सुरुवात लाचेने झाली नाही, उधारीने झाली. संघाचा उत्तम गार्ड स्टीव्हिन स्मिथ कॉलेजातल्याच एका विद्यार्थी-बुकीकडे पैसे हरला, आणि ते फेडण्यासाठी त्याने गुण कमी करण्याचा सौदा स्वीकारला. त्या वेळी लास व्हेगासमध्ये एकाच बाजूने पैशांचा लोंढा आला आणि भाव वेड्यासारखा हलू लागला, तेव्हा तेथील कॅसिनोंना संशय आला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ठरवून खेळलेल्या सामन्यात कॅसिनो स्वतः फसतो आणि त्याला तो नकोच असतो. पण ज्या बाजारात असा सौदा करता येतो तो बाजार मांडण्याची जबाबदारी त्याला झटकता येणार नाही.

एकेका खेळाडूच्या कामगिरीवर लागणारे पैसे, ज्यांना प्रॉप बेट म्हणतात, ते मला सर्वांत घातक वाटतात. अमुक खेळाडू चार रिबाउंड घेईल की पाच, यावर पैसे लागले की वीस वर्षांच्या पोराचा फोन शिव्या आणि धमक्यांनी भरतो. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च 2024 मध्ये कॉलेज खेळाडूंवरील अशा बेटवर सर्व राज्यांनी बंदी घालावी अशी मागणी केली. ती सर्वत्र मान्य व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण 2018 च्या खटल्यात सट्ट्याच्या विरोधात उभी राहिलेली हीच संघटना 2028 ची अंतिम चौकडी, म्हणजे शेवटच्या चार संघांचे सामने, लास व्हेगासला भरवणार आहे, हे मला पटत नाही.

हे सगळे दूरचे आहे असे नागपूरकराने समजू नये. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी कोर्टच्या कठड्यावर बसलो होतो. एक अनोळखी, नीटनेटका माणूस आमच्या राखीव खेळाडूजवळ गेला, त्याला उसाचा रस पाजला आणि सहज विचारले, “तुमच्या सेंटरचा गुडघा कसा आहे? उद्या उतरतो का?” मुलाने भाबडेपणाने सगळे सांगितले. त्याने एक रुपया घेतला नव्हता, पण विकाऊ माल हातून गेला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या मुलाला तीन गोष्टी पाठ करायला लावतो: दुखापतीबद्दल संघाबाहेर बोलायचे नाही, कोणाकडून बेटिंगचा “आयडी”, म्हणजे ऑनलाइन सट्ट्याचे खाते, घ्यायचा नाही, आणि पैशांची अडचण आली तर प्रशिक्षकाला किंवा मोठ्या भावाला सांगायचे, बुकीला नाही. कोणी असे विचारायला आलेच तर त्याच दिवशी क्रीडाशिक्षकाच्या कानावर घालावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. 1976 साली केलेला कॅसिनोविषयक कायदा कधीच अमलात आला नाही आणि 2023 साली तो रद्द करण्याचा निर्णय झाला. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या जहाजांवर कॅसिनो परवान्याने चालतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा मंजूर केला, ज्यात असे खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही टेलिग्रामवर आयडी वाटणारे आहेतच. 2023 साली नागपूरच्याच एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे 58 कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार पोलिसांत दिली आणि तपास गोंदियापर्यंत गेला. अमेरिकेत निदान परवाना देणारी यंत्रणा भाव हलला तर विचारपूस करते. येथे आयडी देणाऱ्यावर अंकुश ठेवणारे कोणी नाही.

पैशांशिवाय चुरस राहत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी आमच्या कोर्टवरची तक्त्याची स्पर्धा कशी चालते ते सांगतो. प्रवेशशुल्क नसते. न्यूयॉर्कच्या वेळेने रविवारी संध्याकाळी तक्ता जाहीर होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे. त्याच्या प्रती काढून बुधवारच्या सरावापर्यंत सर्वांनी भरून द्याव्यात, नंतर खाडाखोड चालत नाही. पहिल्या फेरीतील अचूक निकालाला एक गुण, पुढे प्रत्येक फेरीत दुप्पट. शिवाय खालच्या मानांकनाचा संघ जिंकेल असे लिहिणाऱ्याने एका ओळीत कारण द्यावे; कारण खेळातले असेल आणि निकाल जुळला तर एक गुण जादा मिळतो. बरोबरी झाली तर अंतिम सामन्यातील दोन्ही संघांच्या एकूण गुणांचा ज्याचा अंदाज जवळचा, तो विजेता. त्याचा तक्ता पुढच्या मार्चपर्यंत सामान ठेवायच्या खोलीच्या दारावर चिकटवलेला राहतो. मंगळवारी सकाळी सामना संपल्यावर सगळे मिळून तर्री पोहे खायला जातो, आणि तेथे प्रत्येकाने आपापल्या प्लेटचे पैसे स्वतः द्यायचे असतात, विजेत्यानेही.