तिसऱ्या मजल्यावरच्या हॅम स्टेशनचं आरएफ अर्थिंग

हौशी (हॅम) रेडिओच्या ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, १०० वॅटने बोलताना माइकच्या जाळीचा ओठाला चटका बसतो. ट्यूनरला (अँटेना रेडिओशी जुळवणाऱ्या पेटीला) हात लावला की एसडब्ल्यूआरचा, म्हणजे अँटेना किती जुळली आहे ते दाखवणारा, काटा हलतो. एफटी-८ (कॉम्प्युटरवरून चालणारी डिजिटल संदेशपद्धत) चालू असताना कॉम्प्युटरचं यूएसबी मध्येच सुटतं. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो अर्थिंग सुधारण्याचा. मग खाली मीठ-कोळशाचा खड्डा होतो, तिथून हिरवी वायर भिंतीवरून वर टेबलापर्यंत येते. अर्थ टेस्टर २ ओहम दाखवतो आणि चटका मात्र तसाच राहतो, कधी कधी वाढतोही.

कारण वायरच्या लांबीत आहे. टेस्टरचं मोजमाप वीजपुरवठ्याच्या आसपासच्या वारंवारतेवर होतं, आपला प्रश्न आरएफचा, म्हणजे मेगाहर्ट्झमधल्या रेडिओ वारंवारतेचा आहे. २ मिमी व्यासाच्या एक मीटर सरळ वायरचं इंडक्टन्स सुमारे १.३ मायक्रोहेन्री भरतं, १४.२ मेगाहर्ट्झवर तेवढ्यानेच ११५ ओहमचा अडथळा उभा राहतो. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणारी वायर साधारण १० मीटर, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी. अशा वायरचं खालचं टोक जमिनीला घट्ट जोडलेलं असेल, तर वरच्या टोकाशी अडथळा हजारो ओहमपर्यंत जातो. टेबलावरचं सगळं सामान आरएफच्या दृष्टीने अधांतरी राहतं. हीच वायर २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झ) अर्धी तरंगलांबी होते आणि बऱ्यापैकी वागते. ‘वीसवर ठीक, चाळीसवर चटके’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

जाड वायरने फार फरक पडत नाही. ७ मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या जेमतेम ०.०२५ मिमी थरातून वाहतो, त्यामुळे जाडीपेक्षा रुंदी महत्त्वाची. ५० मिमी रुंद पातळ पट्टी घेतली तर मीटरमागे इंडक्टन्स ०.८४ मायक्रोहेन्रीवर येतं. हा फायदा एक तृतीयांशाचा. लांबी निम्मी केली तर फायदा त्याहून मोठा.

आधी निदान

रेडिओ नुसता ऐकण्यावर असतानाही त्याच्या बॉडीला हात लावून झिणझिण्या येत असतील तर तो आरएफचा प्रश्न नाही. तिसऱ्या पिनचा अर्थ तुटलेला आहे आणि एसएमपीएस (स्विचिंग) पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमधून गळती येते आहे. स्टेशन बंद करून आधी परवानाधारक वायरमनकडून सॉकेटचा अर्थ दुरुस्त करून घ्या. हम (स्पीकरमधली गुणगुण) कमी करण्यासाठी तिसरी पिन काढून टाकणं जिवावर बेतू शकतं. ते कधीही करू नका.

त्रास फक्त ट्रान्समिट करताना होत असेल तर अँटेनाची कोअॅक्स केबल काढा, रेडिओला थेट डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रोधक) लावा आणि पूर्ण पॉवर द्या. त्रास थांबला, तर आरएफ अँटेनाकडून कोअॅक्सच्या शील्डच्या (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीच्या) बाहेरच्या पृष्ठभागावरून घरात परत येतं आहे. फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं. डमी लोडवरही त्रास राहिला, तर कनेक्टरचं सोल्डरिंग आणि माइकच्या केबलची शील्ड तपासा.

टेबलामागची पट्टी

२५ मिमी रुंद, ३ मिमी जाड, टेबलाच्या लांबीची तांब्याची पट्टी घ्या. तिला दर १० सेंटिमीटरवर ६ मिमीचे पितळी बोल्ट बसवा आणि ती टेबलाच्या मागच्या कडेला लावा. रेडिओ, ट्यूनर, एसडब्ल्यूआर मीटर, पॉवर सप्लाय आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट या प्रत्येकाची स्वतंत्र, शक्यतो ३० सेंटिमीटरच्या आतली जोडणी पट्टीला यायला हवी. एका उपकरणावरून दुसऱ्यावर साखळी करू नका. जोडणीला टिन केलेली चपटी जाळी चालते, पण जुन्या कोअॅक्समधून काढलेली काळवंडलेली जाळी वापरू नका. तिच्या तारांमधला संपर्क गेलेला असतो. रंग खरवडून, पॉलिश पेपरने घासून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा. पट्टी घराच्या विजेच्या अर्थलाही जोडा. यामुळे सगळी उपकरणं एकाच पातळीवर येतात आणि त्यांच्यामधल्या केबलांतून आरएफ वाहायला कारण उरत नाही.

गॅसची पाइपलाइन अर्थ म्हणून कधीच वापरायची नाही. पाण्याचे पाइप आता प्लास्टिकचे असतात, त्यांचा उपयोग नाही. गंजलेली खिडकीची ग्रिलही टाळा; गंजलेले सांधे डायोडसारखे वागून हार्मोनिक आणि खरखर निर्माण करतात.

अँटेनाला तिचा परतीचा रस्ता द्या

एंड-फेड (एका टोकाला केबल जोडलेल्या) किंवा लांब वायरच्या अँटेनाला प्रवाह परतायला वाट लागते. तुम्ही ती दिली नाही तर ती कोअॅक्सची शील्ड, वीजवायरिंग आणि तुमचा हात यांतून निघते. सगळ्या कामातला सर्वांत मोठा फायदा इथे आहे. ट्यूनरने चालवलेल्या लांब वायरसाठी १ चौरस मिमीच्या साध्या घरगुती वायरचे काउंटरपॉइज, म्हणजे परतीच्या प्रवाहासाठीचे तुकडे, कापा: ४० मीटर बँडसाठी १० मीटर लांब, २० साठी ५, १५ साठी ३.४, १० साठी २.५ मीटर. सगळे ट्यूनरच्या ग्राउंड टर्मिनलला जोडा आणि शक्य तेवढे बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूने पसरवा. मोकळ्या टोकाला व्होल्टेज सर्वाधिक असतं, म्हणून टोकं दुमडून टेप लावा आणि लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा. वायरचं भेंडोळं करू नका, लांबीचा हिशेब बिघडतो.

४९:१ ट्रान्सफॉर्मरवाल्या एंड-फेडला ०.०५ तरंगलांबीचा, म्हणजे ४० मीटरवर साधारण २ मीटरचा काउंटरपॉइज पुरतो. तो वेगळा लावला तर चोक (शील्डच्या बाहेरून येणारं आरएफ रोखणारी फेराइटवरची गुंडाळी) ट्रान्सफॉर्मरपाशीच बसवा. कोअॅक्सच्याच पहिल्या दोन मीटरला ते काम दिलं तर चोक त्या दोन मीटरनंतर यायला हवा.

चोक

एफटी-२४०-३१ फेराइट रिंगवर आरजी-५८ कोअॅक्सचे १२ वेढे घ्या. दीड मीटर केबल पुरते. वेढे सैलसर ठेवा, फार आवळले तर आतली तार कालांतराने इन्सुलेशनमधून सरकते. डायपोलचा (मध्यभागी जोडलेल्या दोन हातांच्या अँटेनाचा) चोक फीडपॉइंटवर, म्हणजे केबल अँटेनाला मिळते तिथे, लागतो. केबल घरात शिरते तिथे आणखी एक लावला तर उत्तम. खरेदीत नेहमी होणारी गफलत म्हणजे लाल किंवा पिवळी लोखंडी भुकटीची रिंग. ती ट्यून केलेल्या कॉइलसाठी चांगली, चोकसाठी निरुपयोगी.

नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचं छोटं मोजयंत्र) असेल तर चोकची फक्त शील्ड दोन पोर्टच्या मधल्या तारांमध्ये जोडून एस२१ (एका पोर्टमधून दुसऱ्यात किती सिग्नल पोचतो) पाहा. २० डीबी घट म्हणजे जवळपास १००० ओहम, ३० डीबी म्हणजे ३००० च्या घरात. वापरायच्या प्रत्येक बँडवर ३० च्या पुढे गेलात की समाधान माना. काही मिनिटं ट्रान्समिट करून थांबा आणि मग रिंगला हात लावा: चांगलीच तापली असेल तर तिच्यावर ताण जास्त आहे, तेव्हा काउंटरपॉइज सुधारा किंवा दुसरा चोक मालिकेत जोडा.

यूएसबी आणि माइकच्या केबललाही फेराइट हवं, पण क्लिपमधून केबल एकदाच नेऊन एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) थोडंच साधतं. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाच वेढ्यांना सुमारे पंचवीसपट. म्हणून जास्त वेढे बसतील अशी मोठ्या भोकाची क्लिप घ्या.

बंगला किंवा तळमजला असेल तर

इथे रॉड जरूर ठोका, मुख्यतः आकाशातल्या विजेपासून संरक्षणासाठी. तो घराच्या मुख्य अर्थला १६ चौरस मिमी तांब्याच्या वायरने जोडलेला असावा. दोन सुटे अर्थ ठेवले तर वीज कोसळताना त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक रेडिओमधून वाट काढतो. काळ्या मातीत पावसाळ्यात संपर्क छान असतो, पण उन्हाळ्यात माती भेगाळून रॉडपासून सुटते. कोकणातल्या जांभ्यात आणि देशावरच्या कातळात रॉड नीट उतरतच नाही. उभ्या अँटेनाला म्हणूनच रेडिअल (पायथ्यापासून चहूकडे पसरलेल्या वायरी) घाला: ४० मीटर बँडसाठी जमिनीलगत ४-५ मीटरच्या १६ वायर, दोन-चार लांब वायरींपेक्षा उजव्या ठरतात. जमिनीवरच्या रेडिअलची लांबी काटेकोर लागत नाही. उंचावर टांगलेल्यांची लागते.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, आभाळ भरून येण्याआधीच कोअॅक्स रेडिओपासून काढून तिचं टोक खिडकीबाहेर ठेवा. चोक किंवा काउंटरपॉइज विजेला अडवत नाहीत. पावसाळा संपल्यावर बाहेरचा प्रत्येक बोल्ट उघडून घासा, पेट्रोलियम जेली लावून पुन्हा आवळा आणि डमी लोडची चाचणी पुन्हा घ्या.