वावरात मशीन वाजली: सोनं की सील? या चुका टाळा

कापूस वेचता वेचता कानातलं पडतं, डवरणीत अंगठी बोटातून सरकते, पांदणीत जोडवं निसटतं. मग कुणीतरी ओळखीतून मेटल डिटेक्टर आणतो आणि अख्खं घर वावरात गोळा होतं. मशीन ओळीओळीला वाजते, माणसं जागोजागी उकरतात, संध्याकाळी हाती येतात ते खिळे, वखराच्या पासेचा तुकडा आणि औषधाच्या बाटलीची सीलं. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो, ऐकण्याचा असतो.

“सोन्याचा आवाज” शोधत बसणं

सोन्याला स्वतःचा असा आवाज नाही. मशीनची चकती जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यानं धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्यांचं उत्तर किंचित उशिरानं परत येतं. हा उशीर किती, त्यावर मशीन आकडा आणि सूर ठरवते. धातू कोणता यासोबत तो केवढा, किती जाड, कसा पडलाय, हेही त्या आकड्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे लोखंडाचे खिळे खालच्या, घोगऱ्या सुरात वाजतात, तांबं-चांदीच्या जाड वस्तू वरच्या सुरात, आणि सोन्याची अंगठी मध्ये कुठेतरी. नेमकं तिथंच अॅल्युमिनियमचं चिल्लर राज्य करतं: गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त म्हणजे कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरचं सील. फवारणीवाला ते सोलून धुऱ्यावर टाकतो. त्याची गोळी झाली की ती बारीक अंगठीसारखीच वाजते.

यावर उपाय एकच. कानातलं हरवलं असेल तर दुसऱ्या कानातलं मागून घ्या. त्याच वावरात, आजूबाजूला काही वाजत नाही अशा जागी ते मातीवर ठेवा आणि आकडा बघा. मग दोन बोटं, नंतर चार बोटं मातीखाली ठेवून पुन्हा ऐका. (जागेवर काडी रोवा, नाहीतर जोडीतलं दुसरंही शोधत बसाल.) आता निदान कशाच्या मागे जायचं ते कळलं. त्या आकड्याच्या थोडं वरखाली जे वाजेल ते सगळं उकरायचं, सील निघालं तरी. मशीनवर मधल्या आकड्यांचा पट्टा बंद करून सोनं शोधणं म्हणजे न शोधणंच.

मंगळसूत्राचं गणित जरा वेगळं. बारीक तार आणि साखळी मशीनला फार कमी दिसते, कारण प्रत्येक कडी तिला सुटी लागते. काळे मणी तर काचेचेच. वाजतात त्या वाट्या, म्हणून चाचणी वाटीसारख्या दागिन्यावर घ्या. तुटलेली अंगठी किंवा उघडी बाळीही अखंड वस्तूपेक्षा कमजोर वाजते, कारण प्रवाहाला पूर्ण फेरा मिळत नाही.

गोड सूर आला की लगेच कुदळ

चपटं आणि गंजकं लोखंड मशीनला हमखास फसवतं. पत्र्याचा तुकडा, वायसर, सोड्याच्या बाटलीचा बिल्ला हे वरच्या सुरात छान वाजतात आणि माणूस चांदीचा रुपया समजून गुडघ्यावर बसतो. उकरण्याआधी तीन गोष्टी ऐका.

आधी दोन्ही बाजूंनी चकती फिरवा. जाताना वाजलं आणि येताना तुटलं, तर संशय धरा. मग स्वतः काटकोनात वळून त्याच जागेवरून पुन्हा फिरवा. अंगठी किंवा नाणं आडवं पडलं असेल तर चारही दिशांनी सारखंच बोलतं, वाकडा खिळा एका दिशेनं बोलतो आणि दुसरीकडून घोगरा होतो. शेवटी चकती हळूहळू मागे ओढत आवाजाच्या कडेवर आणा. पत्रा असेल तर मधला गोड सूर कडेला खरखरतो, आकडा उड्या मारतो, खाली लोखंडाचा घर्रर्र ऐकू येतो.

आकारही कानानं कळतो. चकती वीतभर वर उचला. अंगठीचा आवाज विरून जातो, पत्र्याचा डबा बोंबलतच राहतो.

नाण्यांच्या बाबतीत एक गंमत. १९९२ पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो आणि मशीनवर लोखंडाच्या बाजूला जातो. १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा, त्याचीही तीच तऱ्हा. उलट त्याआधीचा ११.६६ ग्रॅमचा चांदीचा रुपया वर टणकन वाजतो. म्हणजे जुनं ते वर आणि नवं ते खाली, असंही नाही.

काळ्या मातीला न विचारता सुरुवात करणं

बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंतची काळी माती बेसाल्टची. त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात, म्हणून मातीच मशीनला थोडं थोडं उत्तर देत राहते. वावरात उतरल्यावर आधी स्वच्छ जागा बघून चकती वरखाली करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीचं उत्तर मशीनला वगळायला लावा. एका वावरातून दुसऱ्यात गेलात, पाऊस येऊन गेला, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लाल मातीत गेलात, की पुन्हा करा. काही काळे गोटेही वाजतात. त्यांचा आवाज पसरट असतो आणि नेमका बिंदू धरून ठेवत नाही.

उन्हाळ्यात भेगा पडल्या की दोन अडचणी येतात. भेगेवरून जाताना चकती आणि मातीतलं अंतर एकदम बदलतं, मशीन उगाच कुरकुरते. आणि हलकी दिसणारी अंगठी भेगेतून हातभर खाली जाऊ शकते, तिथं साधी मशीन पोचतच नाही. म्हणून भेगा मोठ्या व्हायच्या आत शोधा. पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं की लगेच, वखरणीच्या आधी. वखर फिरला की वस्तू जागची हलते.

सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत ताणणं

विहिरीजवळ, डीपीजवळ, वरून तार गेलेल्या बांधावर मशीन आपोआप टकटक करू लागते. ती धातू नाही, वीज आहे. सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक इशारा पकडते ते) उतरवा, चॅनल बदलता येत असेल तर बदला, किंवा सरळ शेतीफिडरची लाइन जायची वाट पाहा. आपल्याकडे ती फार वेळ पाहावी लागत नाही. खिशातला मोबाइल लांब ठेवा, हातातलं कडं काढा.

धुऱ्यावर आणि जुन्या कोठ्याच्या जागी मात्र वेगळी अडचण. तिथं खिळे, तारा, बैलाच्या नाला इतक्या असतात की लोखंड “म्यूट” केलं तर खिळ्याशेजारची अंगठीही गप्प होते. तिथं लोखंडाचा आवाज चालू ठेवा, लहान चकती लावा आणि सावकाश फिरा. घोगऱ्या आवाजांच्या गर्दीत मधूनच एखादा स्वच्छ टिपका येतो, तो पकडायचा.

जुनी नाणी एकाच जागी निघू लागली तर हात थांबवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवला तर शिक्षा आहे. मनसर, पवनी, कौंडिण्यपूर अशा प्राचीन अवशेषांच्या गावांच्या टेकाडांवर, संरक्षित स्मारकाच्या आसपास मशीन नेऊच नका. आणि अर्धा किलोमीटरवरून गुप्तधन दाखवणारी अँटेनावाली “स्कॅनर” विकायला कोणी आला तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

खड्डा केला आणि आवाज गेला

गंजलेल्या खिळ्याभोवतीची माती गंज पिऊन बसलेली असते, खणली की तो घेरा मोडतो आणि आवाज निघून जातो. हे झालं लोखंडाचं. सोनं गंजत नाही, त्याचा आवाज अचानक गेला तर दोनच शक्यता: वस्तू उभी फिरली, किंवा बाहेर आली. आधी खड्ड्याच्या भिंती बघा, मग ढीग पसरा. ओल्या काळ्या मातीत ढेकूळ असं घट्ट बसतं की आतली बाळी दिसत नाही आणि हाताला लागतही नाही. मशीन जमिनीवर आडवी ठेवा, एकेक ढेकूळ मुठीत घेऊन चकतीवरून फिरवा. न वाजलेलं एका बाजूला टाका, वाजलेलं दोन्ही अंगठ्यांनी पाण्यात फोडा. कुदळीनं नाही.