शिंपल्यांची फरशी बसवायची असेल तर

सोलापुरात फरशी म्हटली की शहाबादी. शहाबाद गुलबर्ग्याच्या पुढे, रेल्वेने दोन-अडीच तासांवर. वडिलांनी जन्मभर तीच बसवली, माझाही हात तिच्यावरच बसला. शहाबादीही चुनखडीचीच, पण तिच्यात शिंपला सापडायचा नाही. ती तळाशी साचत होती तेव्हा शिंपल्याचे जीव अजून जन्मलेच नव्हते.

आता गिऱ्हाईक फोटो दाखवून विचारतं, मिस्त्री, ही नक्षीची फरशी मिळेल का? ती नक्षी कोणी काढलेली नसते. जैसलमेरजवळच्या हाबूर गावचा पिवळट-तपकिरी दगड घ्या. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेले शिंपले चुन्याच्या गाळासकट दगड झाले. जर्मनीतून येणाऱ्या जुरा दगडात चक्रीसारखे अमोनाइट, म्हणजे जुन्या समुद्रातल्या, आता नामशेष झालेल्या जिवांचे शंख दिसतात. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्रामही अमोनाइटच. हे सांगितलं की घरातली म्हातारी माणसं त्या फरशीवरून हात फिरवून बघतात. मला फार बरं वाटतं.

घेताना आधी लादीची कड बघा. खऱ्या दगडात शिंपला कडेला कापलेला दिसतो, नक्षी जाडीभर उतरलेली असते. छापील टाइलमध्ये ती फक्त वरच्या थरात असते, आणि चार-सहा टाइल शेजारी मांडल्या की तोच शिंपला पुन्हा भेटतो. मग मागच्या बाजूला खिळ्याने थोडं खरवडा आणि त्या भुकटीवर लिंबाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की चुनखडी. काही दगडांवर काळी, नेच्याच्या पानासारखी नक्षी असते. ती वनस्पती नाही, भेगेतून झिरपलेल्या मँगनीजची खूण आहे. दिसायला सुंदर, पण कोणी जीवाश्म म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

लिंबाने बुडबुडे आले, यातच या दगडाचं सगळं पथ्य आलं. आंबट त्याला चालत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापून ठेवलं की पांढरट डाग उठतो, तसाच इथेही उठतो. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्याला आणि बाथरूमला मी ही फरशी लावतच नाही. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसतो, तो काढायला आपण ॲसिड आणतो. पण तो थर चुन्याचा आणि दगडही चुन्याचा. थर खाणारं ॲसिड दगड कसा सोडेल? उंबऱ्यापाशीही नको. दगड मऊ आहे, चपलेखालच्या वाळूने त्याची चकाकी जाते. बैठकीची एक भिंत किंवा देवघराची मागची बाजू, ही त्याची जागा. समईखाली मात्र ग्रॅनाईटचा तुकडा किंवा पितळी ताट ठेवा, आणि पंचामृताचा अभिषेक ताम्हणातच करा. दही दगडाला खातं, तेल-हळद आत मुरते.

बसवण्याआधी सगळ्या लाद्या जमिनीवर कोरड्या मांडा आणि घरच्यांना बोलवा. मोठा शिंपला डोळ्यांच्या उंचीला यावा, कपाटामागे जाऊ नये. हे काम घाईत उरकू नका, मी यात अख्खी सकाळ घालवतो. मग लादीची पाठ धुऊन, वाळवून पांढऱ्या ॲडहेसिव्हवर बसवा. करड्या सिमेंटचा डाग फिक्या दगडातून वर येतो. माल पाठीला पूर्ण लागला पाहिजे. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून भागत नाही, पोकळ जागी लादी तडकते. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून बघा, बद्द आवाज आला तर तेव्हाच काढून परत बसवा. शिंपल्याजवळची बारीक भोकं दगडाच्याच रंगाच्या रेझिनने भरून घ्या. सांधा दोन-तीन मिलिमीटर पुरे.

नवी फरशी ॲसिडने धुवायची आपल्याकडे जुनी सवय. विजापूर रोडच्या एका बंगल्यात मी संध्याकाळी काम संपवून आलो, आणि सकाळी रंगाऱ्यांनी चुन्याचे शिंतोडे काढायला ॲसिड ओतलं. तासाभरात चकाकी गेली, शिंपल्यांच्या कडा पुसट झाल्या. परत घासून पॉलिश करायला तीन दिवस लागले, आणि दोन शिंपले गेले ते गेलेच. तेव्हापासून हात लावायच्या आधीच सगळ्यांना बजावतो: ॲसिड नाही, संडास साफ करायचं लिक्विड नाही, लिंबाचं फिनाईलही नाही. साधं पाणी, थेंबभर भांड्यांचा सौम्य साबण, आणि लगेच कोरडं पुसणं.

दगड आतून पूर्ण वाळल्यावरच आत मुरणारं सीलर, म्हणजे पाणी आणि डाग अडवणारं द्रव, लावा. ओल आत राहिली तर काळपट ढग दिसतात. मग अधूनमधून पाण्याचे चार थेंब टाकून बघायचे. थेंब वर गोळा होऊन राहिला तर ठीक, मुरून डाग काळा झाला तर सीलरचा हात परत द्यायची वेळ आली.

उरलेल्या दोन लाद्या गच्चीवर टाकू नका, घरात पोत्यात गुंडाळून ठेवा. उद्या एखादी फुटली तर त्याच थरातला, त्याच रंगाचा दगड बाजारात परत मिळेलच असं नाही.