वायरच्या रंगावर जाऊ नका

आमच्या सोलापुरात जुन्या पेठांतल्या घरांचं वायरिंग म्हणजे ठिगळावर ठिगळ. लाल फेज (वीज आणणारी), काळी न्यूट्रल (वीज परत नेणारी), हिरवी अर्थिंग (जमिनीला जोडलेली) हे खरं. पण हाताला लागेल ती वायर ओढणारेही असतातच. म्हणून टेस्टर, म्हणजे वीज असली की आतला दिवा पेटणारा स्क्रूड्रायव्हर. आधी तो चालू सॉकेटवर लावून पेटतो का बघा. पायात कोरडी चप्पल, बोट फक्त मागच्या टोपीवर. सॉकेटकडे तोंड केल्यावर उजव्या भोकात पेटायला हवा, डाव्या नाही. दोन्हीकडे पेटला आणि बटण चालू असूनही पंखा-बल्ब बंद, तर बहुतेक न्यूट्रल तुटलाय. तेव्हा ‘काळीच तर आहे’ म्हणून हात लावाल, तर २३० व्होल्टचा झटका बसेल. मेन स्विच पाडा, वायरमनला बोलवा. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली, असंही धरू नका.